तुर्भ्याचा दगड आणि मामीचे डबे

वाशी, ७ जुलै १९८३

ती. मधुकरमामा,

नमस्कार शेवटी करते, आधी बातमी. मी आठवीत असताना तुम्ही मला सांगितलं होतं की दगडसुद्धा पाण्यात विरघळतो, फक्त त्याला घाई नसते. मी तेव्हा खो खो हसले होते. मामा, मी त्याला घाई करायला लावलीय.

नीट सांगते. आमच्या तुर्भ्याच्या औषधांच्या कारखान्यात माझं काम म्हणजे रोज सकाळी बॉयलरच्या पाण्यात सिलिका, म्हणजे दगडा-वाळूतलं मुख्य द्रव्य, किती उतरलंय ते तपासायचं. पाण्यात दोन-तीन द्रावणं घालायची, सिलिका असली की पाणी निळं होतं, जितकी जास्त तितकं गडद. चार वर्षं हाच निळा रंग बघतेय. गेल्या महिन्यात बाटल्या धुण्याच्या विभागासाठी एक अल्ट्रासॉनिक बाथ आला. स्टीलचं चौकोनी भांडं, त्यात पाणी, आणि तळाशी सेकंदाला हजारो वेळा थरथरणारी एक चकती. तो आवाज इतक्या वरच्या पट्टीतला की माणसाला ऐकूच येत नाही. पाण्यात मात्र त्यानं बारीक बुडबुडे होतात, लगेच फुटतात, आणि फुटताना जवळच्या वस्तूला असा तडाखा देतात की मळ सुटून येतो. त्या विभागाचं बांधकाम अजून चालू आहे म्हणून बाथ सध्या आमच्या लॅबमध्ये.

मागच्या टेकडीवर दगडाच्या खाणी आहेत, त्यांची धूळ आमच्या खिडकीतून सगळ्या भांड्यांवर बसते. सोमवारी अशाच एका धुळकट चंबूत शुद्ध पाणी घातलं, तो बाथमध्ये ठेवला आणि चहाला गेले. परत आल्यावर ते पाणी सवयीनं तपासलं. दौतीत शाई असावी इतकं निळं झालं. मंगळवारी मुद्दाम खाणीतला दगड आणून कुटला. एक चंबू बाथमध्ये, एक टेबलावर शांत. बाथमधल्यात वीस पट सिलिका. वीस पट, मामा.

सोबत चॉकलेटच्या वडीची चांदी पाठवतेय. दोन मिनिटं बाथमध्ये धरली होती. खिडकीशी धरून बघा, चाळण झालीय. दादरला राहणारा आपला विलास नेहमीसारखा कामानिमित्त कोल्हापूरला निघालाय, त्याच्याबरोबर दगडाचा एक मोठा तुकडाही देतेय. मामीला, तुम्हाला नमस्कार.

तुमची चारू

*

कोल्हापूर, १५ जुलै १९८३

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

दगड पोचला. चांगला काळा बसाल्ट आहे, मधे मधे पांढरे ठिपके. चांदी मामीनं देवघराच्या खिडकीला चिकटवली आहे, सकाळी तिच्यातून उजेडाचे ठिपके पडतात.

चौतीस वर्षं कॉलेजात दगड कापायच्या चाकाशेजारी उभा राहून माझा उजवा कान गेला. त्यामुळे ऐकू न येणाऱ्या आवाजाचं मला फारसं कौतुक नाही, माझ्यापाशी ते पुष्कळ आहेत. मामीचे बरेचसे त्यातच मोडतात.

आता काम. तू चंबू वापरलास. चंबू काचेचा. काचही सिलिकाचीच असते, ते तुला मी सांगायला नको. तुझ्या बुडबुड्यांनी दगड विरघळवला की चंबू?

मधुकरमामा

*

वाशी, १ ऑगस्ट १९८३

ती. मामा,

तुमचं पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या भरायचे पांढरे प्लास्टिकचे डबे आणले. सगळं पहिल्यापासून केलं, दर डब्यात दहा ग्रॅम पूड आणि शंभर मिली पाणी. वीस पटीचे चौदा पट झाले. पण चौदा पट म्हणजे काही थोडंथोडकं नाही. तुम्ही म्हणाल त्या भांड्यात करते, दगडच विरघळतोय.

इकडे आणखी मजा झालीय. आमच्या लॅबचे प्रमुख श्यामसुंदर सर सहसा कुणाच्या टेबलाशी थांबत नाहीत. ते थांबले, निळ्या नळ्यांची रांग बघितली आणि खुर्ची ओढून बसले. डिसेंबरात पुण्याला रसायनशास्त्राचं संमेलन आहे, तिथे हे वाचायचं असं त्यांनी ठरवलंय. वाचायचं मी. तिथे ते लोकांना पटलं तर बाथ लॅबमध्येच ठेवून घेता येईल आणि कंपनी मला संशोधन करून एम.एस्सी. करायची परवानगी देईल. लग्नाच्या वर्षी अर्धवट सोडलेली एम.एस्सी., मामा. नाही जमलं तर डिसेंबरअखेर बाथ बाटल्यांकडे आणि मी बॉयलरकडे.

सुधीर म्हणतो, घरात वरणाचं पातेलं खदखदायला लागलं तरी तू बुडबुडेच बघत उभी राहतेस. सासूबाईंनी त्यावर पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं. एकूण माझं बरं चाललंय.

तुमची चारू

*

कोल्हापूर, ९ ऑगस्ट १९८३

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

एम.एस्सी.चं वाचून मामीनं देवापुढे साखर ठेवली. मी अजून ठेवलेली नाही.

थरथरणाऱ्या पाण्यात हात घालून बघितलास का? ते तापत असणार. कोमट पाण्यात दगड गार पाण्यापेक्षा लवकर विरघळतो, त्याला आवाज लागत नाही. बाथमधल्या डब्याचं तापमान आणि टेबलावरच्या डब्याचं तापमान मला लिहून पाठव.

ता. क. ते पांढरे प्लास्टिकचे डबे तुमच्याकडे वाया जाणारे असले तर वीसेक विलासबरोबर दे. मामीला मसाल्यासाठी हवेत.

मधुकरमामा

*

वाशी, २७ ऑगस्ट १९८३

ती. मामा,

हात घातला. पाणी चाळीसच्या वर गेलं होतं. तुम्हाला कोल्हापुरात बसून कसं कळतं हो?

मग रोज तुर्भ्याच्या मच्छीमार्केटातून बर्फ आणायला लागले. लॅबमध्ये आल्यावर माझ्या पिशवीला बांगड्याचा वास येतो, सगळे नाक मुरडतात. बाथमध्ये बर्फाचे तुकडे टाकत राहायचं, थर्मामीटरवर डोळा ठेवायचा. दोन्ही डबे अठ्ठावीस अंशांवर आणून सहा-सहा तास चालवले. अकरा पट. चौदाचे अकरा झाले, पण अकरा टिकले. सरांनी त्याच दिवशी गोषवारा टाइप करून पुण्याला धाडला. त्यात अकरा पट असं लिहिलंय आणि खाली माझं नाव आहे, चारुलता मोहोळकर. कार्बन कॉपी मी तीनदा वाचली.

मामीचे वीस डबे विलासकडे दिलेत. एवढे कसले मसाले करते ती?

तुमची चारू

*

कोल्हापूर, ४ सप्टेंबर १९८३

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

गोषवारा धाडायची घाई झाली असं मला वाटतं. वीस, चौदा, अकरा. तुझा आकडा पत्रागणिक खाली उतरतो आहे, तो तळाला टेकला हे तुला कशावरून कळलं?

तिसरा प्रश्न. दोन्ही डब्यांतली पूड एकाच वेळी कुटलेली असते ना? आणि कुटल्यावर धुतेस का?

मधुकरमामा

*

कोल्हापूर, १८ ऑक्टोबर १९८३

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

दसरा झाला. दीड महिना तुझं पत्र नाही. विलास म्हणतो तू बरी आहेस. सोनं इथे देवापाशी ठेवलं आहे, येशील तेव्हा घे.

माझं लिहिणं लागलं असेल. बोलणंही असंच आहे, मामीला विचार. पण प्रश्न लागण्यासारखा नव्हता.

मधुकरमामा

*

वाशी, १ नोव्हेंबर १९८३

ती. मामा,

लागलं होतं. खरं तेच लिहिते. मला वाटलं, चौतीस वर्षं इतरांसाठी दगड कापून यांचं नाव कुठे आलं नाही, आता भाचीचं येतंय तर ते यांना बघवत नाही. हे मी सुधीरजवळ बोललेसुद्धा. मामा, माझं चुकलं. किती चुकलं ते आता ऐका.

काल दिवाळीच्या फराळाआधी सासूबाईंनी पाट्याला टाकी लावून घ्यायची ठरवलं. आमच्या सोसायटीत चांगुणाबाई येते, तिकडे खाणीच्या वस्तीत राहते, छिन्नी-हातोडी घेऊन दारोदार पाटे-वरवंटे टाचून देते. तासभर ठकठक करून तिनं पाटा खरखरीत करून दिला. मी लगेच खोबरं वाटायला घेतलं, तर तिनं माझा हात धरला.

“बाई, पयलं वाटण टाकून द्यायचं असतंय. ताज्या टाकीचा दगुड लई कच सोडतो. दोन डाव धुवा, मूठभर तांदूळ वाटून फेका, मग तुमचं खोबरं.”

सासूबाई म्हणाल्या, हे काय तिला माहीत नाही का. माहीत आहे हो. आईनं शिकवलंय, पहिलं वाटण कधी कुणाच्या पोटात जाऊ द्यायचं नाही. हातात खोबऱ्याची वाटी घेऊन मी तशीच उभी राहिले, कारण त्याच वेळी तुमचा तिसरा प्रश्न माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

लोखंडी खलात दगड कुटायला अर्धा तास लागतो, दंड भरून येतात. म्हणून मी काय करत होते ते सांगते. बाथच्या डब्यासाठी रोज ताजी पूड कुटायची. टेबलावरच्या डब्यासाठी आदल्या दिवशीचीच पूड, पाणी गाळून काढलं की खंगाळून, वाळवून, पुन्हा तीच. वाया कशाला घालवायची? ती नुसती बसूनच तर राहणार आहे. म्हणजे बाथमधल्या दगडाचं पहिलं वाटण मी मोजत होते आणि टेबलावरच्या दगडाचं पाचवं. ताजी कच, ताजे फुटलेले कंगोरे, सगळं एका बाजूला. कच आपसूकच विरघळली असेल आणि श्रेय मी आवाजाला दिलं.

गोषवारा छापून झालाय. पंधरा डिसेंबरला वाचायचंय. बाटल्यांच्या विभागाचं बांधकाम आधीच उरकलं, बाथ त्यांना वीस नोव्हेंबरला द्यायचाय. सरांना उद्या सांगणार आहे. मी काय करू ते विचारत नाही, कारण करायचं ते ठाऊक आहे. फक्त वेळ नाही. बाथचे दिवस मला मिळतील, पण शांत डबे तासातासाचे, दिवसादिवसाचे, सगळे नव्यानं मांडून पुन्हा पुन्हा करून बघायला महिना हवा.

तुमची चारू

*

कोल्हापूर, ६ नोव्हेंबर १९८३

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

ही चिठ्ठी विलासच्या हाती देतो आहे. त्याच्याबरोबर एक खोकं आहे, ते उलटं धरू देऊ नकोस. आत पांढरे डबे आहेत.

मामीचा मसाला बरण्यांतच आहे. डबे मला हवे होते. सांगितलं असतं तर तू वाट बघत बसली असतीस, आणि माझ्या हातून सांडलवंड झाली असती तर उगीच तुझा हिरमोड. म्हणून बोललो नाही.

तू पाठवलेला दगड मी ऑगस्टात एकदाच कुटला. चाळला. पुन्हा पुन्हा धुतला, धुण्याचं पाणी स्वच्छ येईपर्यंत. कॉलेजात आम्ही काचपट्टीवर दगड घासून पातळ करायचो तेव्हाही पहिला गाळ टाकूनच देत असू. शुद्ध पाणी कॉलेजातल्या माझ्या जुन्या डिपार्टमेंटमधून आणलं, अजून देतात. दगड आणि पाणी तू लिहिलंस त्याच मापानं घातलं. डबे देवघराच्या खिडकीत ठेवले आणि ठरल्या वेळी एकेक गाळून काढला. सहा तास, बारा तास, एक दिवस, दोन, चार, असे. प्रत्येकाचे तीन तीन. गाळलेलं पाणी त्याच डब्यात परत भरलं, झाकणावर सगळं लिहिलं आहे. खिडकीतलं तापमान दिवसातून तीनदा टिपलं, कागद सोबत आहे. पहिल्या आठवड्यात ते चोवीसला स्थिर होतं. तुझा बाथ बर्फ घालून चोवीसलाच धर.

माझ्याकडे तुझी ती निळी द्रावणं नाहीत, त्यामुळे आत काय आहे ते मला ठाऊक नाही. चार पट निघेल, एक पट निघेल. जे निघेल ते लिही.

शांत उभं राहण्याचं काम माझ्याकडून झालं आहे. आवाजाचं तू कर. धुतलेली पूड पुडीत वेगळी दिली आहे, तीच वापर.

मधुकरमामा

*

वाशी, १९ नोव्हेंबर १९८३

ती. मामा,

चार!

आता सविस्तर. सरांना मी सांगितलं. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी विचारलं, बाथ किती दिवस लागेल. तुमचं खोकं आल्यावर मी तुमची धुतलेली पूड बाथमध्ये चढवली. बर्फ, बांगड्याचा वास, चोवीस अंश, सहा तास. असं पाच वेळा. मग तुमचे सगळे डबे आणि माझे पाच एकाच दिवशी तपासले, म्हणजे द्रावणांचा फरक नको. नळ्या खिडकीत रांगेनं उभ्या केल्या. तुमचा सहा तासांचा अगदी फिका, बारा तासांचा जरा बरा. माझ्या सहा तासांच्या निळ्याशेजारी तुमचा एका दिवसाचा निळा ठेवला आणि कुठला कुणाचा हे मला झाकण बघितल्याशिवाय सांगता येईना. यंत्रावर मोजलं तरी तेच. तुमचे तीनही डबे एकमेकांशी जुळले, माझे पाचही. मामा, जो दगड तुमच्या खिडकीत एक अख्खा दिवस घेतो, तो आवाजात सहा तासांत तेवढंच देतो. अकरा नाही, चार. पण हे चार मी कुणापुढेही ठेवीन.

बुडबुडे दगड आणखी बारीक फोडतात म्हणून हे होतं, की दगडाला चिकटलेलं पाणी हलवतात म्हणून, ते अजून कळलेलं नाही. सर म्हणाले, ते कळायलाच तर एम.एस्सी. करायची.

मी त्यांना म्हटलं, आकडा पार खाली आला, लोक हसतील. तेव्हा ते म्हणाले, “अकरा तू एकटीनं मोजले होतेस. चार हा आकडा दोन गावांतल्या दोघांच्या कामातून आलाय.” आणि पुढे, “त्या दुसऱ्या माणसाचं नाव गोषवाऱ्यात कसं नाही?”

तुमचं पूर्ण नाव मी सरांना कागदावर लिहून दिलं. विचारलं नाही तुम्हाला, रागवा हवं तर.

तुमची चारू

*

पुणे, १६ डिसेंबर १९८३

ती. मामा,

काल वाचलं. नळ्या बरोबर नेल्या होत्या आणि त्या रांगेनं उभ्या केल्यावर माझ्याऐवजी सगळे त्यांच्याकडेच बघायला लागले, ते बरं झालं. अकराचे चार कसे झाले तेही सांगितलं. पाट्याचं सांगितलं, चांगुणाबाईचं नाव घेऊन. सभागृहातल्या बायका आधी हसल्या, पुरुषांना जरा वेळ लागला.

वाचून होतं न होतं तोच मागच्या दारातून एक म्हातारे प्राध्यापक उशिरा आले. बसता बसता त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पूड धुतली होती का. मी म्हटलं, कोल्हापुरात धुतलीय, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मामा, त्या क्षणी तुम्ही तिथे हवे होतात. ऐकू आलं नसतं तरी हवे होतात.

बाथ बाटल्यांकडे गेलाय, पण सरांनी लॅबसाठी एक छोटा मंजूर करून घेतला आणि माझा अर्जही वर गेला, त्यावर सही झालीय. गोषवाऱ्यांचं पुस्तक वेगळ्या टपालानं पाठवतेय. पान एकेचाळीस काढा. छापून झालं होतं म्हणून त्यावर दुरुस्तीची पट्टी चिकटवलीय.

तुमची चारू

*

कोल्हापूर, २ जानेवारी १९८४

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

पुस्तक मिळालं. पान एकेचाळीसवरची पट्टी एका कोपऱ्यात सुटत होती, खळ करून नीट बसवली. तुमच्या पुण्याच्या लोकांना चिकटवता येत नाही.

चौतीस वर्षांत मी कापलेल्या दगडांवर किती लेख निघाले ते मी मोजलेलं नाही. बऱ्याच लेखांच्या शेवटी प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार अशी एक ओळ असे. ती ओळ मी वाचत असे आणि मला ती पुरत असे. परवापर्यंत पुरत होती असं म्हणतो. पट्टीवर ‘अकराऐवजी चार वाचावे’, आणि त्याखाली ‘चारुलता मोहोळकर व मधुकर हेर्लेकर’. मामीनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. डाव्या बाजूला बसून, म्हणजे ऐकू यावी. मग मीच पुन्हा वाचायला सांगितली. साखर या वेळी मी ठेवली.

काल पुस्तक घेऊन डिपार्टमेंटच्या वाचनालयात गेलो, एक प्रत तिथे असावी म्हणून. नवा ग्रंथपाल आहे, मला ओळखत नाही. त्यानं नोंदवहीत लिहिता लिहिता विचारलं, पान एकेचाळीसला खूण घातलीय, हा कुणाचा लेख आहे?

मी म्हटलं, आमचा.

खिडकीत अजून तीन डबे दगडासकट ठेवले आहेत, सप्टेंबरपासूनचे, न गाळलेले. रोज सकाळी पूजा झाली की हलवतो. कधी गाळायचे ते तू सांग.

मधुकरमामा